खाऱ्या मुलखातले गोडे तळे

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादक मंडळ)



कार्यवाहांनी मला फोन करून विषय सांगितला तो असा : 'बदलते हवामान आणि विकसनशील समाजातील शाश्वत उपजीविका'. मी म्हटले, अहो, एवढ्या विषयावर बोलायला मी संयुक्त राष्ट्रसंघातून निवृत्त झालेलो नाही, बँकेतून झालो आहे. ते म्हणाले, काका, तुम्ही पाच वर्षे सुंदरबनात काढलीत, तेच सांगा. तेव्हा विषयाचे नाव त्यांचे, मजकूर माझा. मला ठाऊक आहे तो गोसाबा ब्लॉक, आणि त्यातलीही दोन-तीन बेटे. २००६ ते २०११ मी तिथल्या एका शाखेत शाखाधिकारी होतो. बँकेचे नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात बँकेची शोभा नाही आणि माझी तर नाहीच नाही. हे सांगण्यात माझा एक स्वार्थ आहे, तो शेवटी उघड करीन.

आपल्यापैकी बहुतेकांनी सुंदरबन लाँचमधून पाहिले असेल. सजनेखालीला उतरायचे, टॉवरवर चढायचे, वाघ दिसला नाही म्हणून वनखात्याला नावे ठेवायची आणि भेटकीचे कालवण खाऊन परत यायचे. पण या वाघाच्या सुंदरबनात माणसे किती राहतात? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या बाजूच्या १९ ब्लॉकांत ४४ लाखांच्या आसपास. आपल्याकडे एकूण १०२ बेटे, त्यांतल्या ५४ बेटांवर वस्ती, बाकीची जंगलाची. वस्तीच्या बेटांना भोवताली मातीचे बांध आहेत, त्यांची लांबी साधारण ३,५०० किलोमीटर. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून हिशेब केला. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जायचे आणि त्याच गाडीने परत यायला निघायचे, तर राउरकेलाच्या आसपास येईपर्यंत ३,५०० किलोमीटर होतात. तेवढा सगळा बांध मातीचा, आणि त्याच्या एका बाजूला दिवसातून दोनदा भरती.

मी मूळचा अलिबागजवळच्या खारेपाटातला, त्यामुळे हा देखावा मला परका नव्हता. आमच्याकडेही खारबंदिस्ती, उघाडी, उधाणाची भरती हे शब्द लहानपणापासून कानावर. बंदिस्तीला खांड गेली की रात्री-अपरात्री गाव टोपल्या घेऊन बाहेर पडायचे. गोव्याच्या मंडळींना त्यांच्या खाजन जमिनी आणि मानशी आठवतील. पण एक मोठा फरक आहे. सुंदरबनात इंग्रजांच्या काळात महसुलासाठी घाईने जंगल तोडून बांध घातले गेले. नद्यांनी गाळ टाकून जमीन पुरेशी उंच करायच्या आतच बांध उभे राहिले, गाळ बाहेरच अडकला. त्यामुळे शेत खाली आणि भरतीचे पाणी वर, अशी कायमची स्थिती झाली. बांधावर उभे राहून एका हाताला नदी पाहावी आणि दुसऱ्या हाताला भाताचे शेत, तर नदी वर दिसते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला चक्कर आल्यासारखे झाले होते.

आता शेतीचे गणित ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. पाऊस तिथे भरपूर, वर्षाला १,७०० ते १,८०० मिलिमीटर. पण त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर. त्या दिवसांत शेतात गुडघाभर पाणी, एक आमन भात होते. ते कापले की संपले. नदी खारी, विहीर खारी. पिण्याचे गोडे पाणी हजार फूट खोल नळकूप मारून काढावे लागते. हिवाळा-उन्हाळ्यात जमीन वाळू लागली की खालचे खारे पाणी मातीतून वर चढते, जसे दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे. पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतावर पांढरी साय दिसते. म्हणजे वर्षाचे सात महिने जमीन आहे आणि पीक नाही. त्या सात महिन्यांत माणसाने करायचे काय? पुरुष खेकडे धरायला जंगलात जातात, तिथे वाघ. बायका कंबरभर पाण्यात तासन् तास जाळे ओढून बागदा चिंगडीची पिल्ले पकडतात, ज्याला तिकडे 'मीन धरणे' म्हणतात. पाण्यात मगर आहे, कामट म्हणजे छोटे शार्क आहेत, आणि ते नसले तरी खाऱ्या पाण्याने कातडीचे हाल व्हायचे ते होतातच. हौसेने जंगलात कोणी जात नाही. शेतात काम असते तर हे लोक घरीच राहिले असते.

आता माझी गोष्ट. २००८ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी माझ्यासमोर येऊन बसला. वय चाळिशीचे, तीन बिघे जमीन, म्हणजे आपला एक एकर. कॅनिंगला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे केंद्र आहे, तिथल्या शिबिराला जाऊन आला होता. हातात एक घडी केलेला कागद, त्यावर शेताचे चित्र. म्हणाला, "मॅनेजारबाबू, पुकुर काटबो." शेतात तळे खणायचे होते, त्यासाठी कर्ज हवे होते.

मी विचारले, किती मोठे? म्हणाला, बारा काठे. वीस काठ्यांचा एक बिघा, म्हणजे तीन बिघ्यांतला पाचवा हिस्सा. मी त्याला अगदी समजावणीच्या सुरात म्हटले, "अरे दादा, तारण काय आहे तुझ्याकडे? जमीन. आणि तूच त्यातली पाचवा हिस्सा पाण्यात घालणार, मग बँकेने धरायचे काय?" शिवाय आमच्या त्या वर्षीच्या उद्दिष्टात तळे बसत नव्हते. किसान क्रेडिट कार्ड बसत होते, पंप बसत होता, आणि चिंगडीची भेडी उत्तम बसत होती. मी त्याला पीककर्ज दिले, चहा पाजला आणि वाटेला लावले. त्याने वाद घातला नाही. कागदाची घडी पुन्हा नीट घालून खिशात ठेवली, ते मात्र आठवते.

भेडी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बांधाला भोक पाडून पाइप घालायचा, नदीचे खारे पाणी शेतात घ्यायचे आणि त्यात बागदा वाढवायची. भाव चांगला, पैसा रोख. रोग आला तर मात्र चार दिवसांत सगळे मेलेले. ते खारे पाणी झिरपून शेजाऱ्याच्या भातात जाते, पण शेजारी माझा कर्जदार नसेल तर ते माझ्या कागदावर येत नव्हते. माझ्या भेडीच्या कर्जांची वसुली चोख होती. प्रादेशिक कार्यालयातून मला शाबासकीचे पत्रही आले. ते मी काही वर्षे जपून ठेवले होते.

२५ मे २००९, सोमवार. आयला. वादळ दुपारच्या सुमारास आले आणि त्याच वेळी भरती होती. शाखेच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी आले, आम्ही सात-आठ जण जिन्यावर बसून होतो. सुंदरबनात मिळून ७७८ किलोमीटर बांध त्या एका दिवसात मोडला किंवा खचला. आमच्या बेटावर पहिली खांड कुठे गेली? जिथे भेडीचे पाइप घातले होते तिथे. सगळ्याच खांडी तिथे गेल्या असे नाही, बांध जुनेही होते. पण पहिली तिथे गेली. मी ती जागा ओळखत होतो, कारण कर्ज मंजूर करण्याआधी पाहणीला मीच गेलो होतो.

पाणी ओसरले, मीठ राहिले. त्या पावसाळ्यात लोकांनी नेहमीचे अधिक उत्पन्नाचे बियाणे टाकले. रोपांची टोके पांढरी पडली आणि रोपे बसली. दुसऱ्या वर्षीही अर्धेमुर्धेच. मग पुरुष बाहेर पडले. केरळ, तामिळनाडू, अंदमान, कुणी थेट गुजरात. तो तीन बिघेवालाही केरळात गवंड्याच्या हाताखाली गेला. त्याचे कर्ज थकले आणि नियमाप्रमाणे नोटीस निघाली, माझ्या सहीची. ती घेऊन मी स्वतः गेलो, कारण त्या दिवसांत पोस्ट धड चालत नव्हते.

घरी त्याची बायको होती. तिला सगळे 'मेजो बउदी' म्हणत, म्हणजे मधली वहिनी. तिने मला बसायला चटई दिली आणि मदतवाटपात आलेला पिण्याच्या पाण्याचा एक पाऊच फोडून पेल्यात ओतून दिला. घरात तेवढाच असावा असा मला संशय आहे, विचारायचा धीर झाला नाही. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, "बरे झाले तळे खणले नाही, तेही खारट झाले असते." ती म्हणाली, "खारट झाले असते, बाबू. उपसून टाकले असते. मग पावसाने गोडे पाणी भरले असते. शेत कसे उपसायचे?"

पुढे मी कॅनिंगच्या केंद्रात जाऊन ते चित्र समजून घेतले, ते तुम्हालाही सांगतो. गणित सोपे आहे. बारा काठे म्हणजे ८,६४० चौरस फूट, साधारण ८०० चौरस मीटर. दहा फूट खोल खणायचे. कडा उताराच्या ठेवाव्या लागतात, म्हणून दीड हजार घनमीटर धरा. पावसाळ्यात ते आपोआप भरते, म्हणजे १५ लाख लिटर गोडे पाणी, फुकट. त्यातले चार-पाच लाख उन्हाने उडेल, काही माशांसाठी ठेवावे लागेल. तरी हिवाळ्यात एका बिघ्याची भाजी निघण्याइतके पाणी उरते, कारण तेवढ्याला चार लाख लिटरच्या आसपास लागते.

पण खरी युक्ती पाण्यात नाही, मातीत आहे. तळ्यातून निघालेली दीड हजार घनमीटर माती टाकायची कुठे? शेतातच. ती एका बिघ्यावर पसरली तर तो बिघा तीन फुटांहून जास्त उंच होतो. उंच झाला की पावसाळ्यात तिथे पाणी तुंबत नाही, म्हणजे ऐन पावसात भाजी होते, जेव्हा बाजारात भाव असतो. आणि खालचे खारे पाणी तिथपर्यंत चढत नाही. पावसाने मीठ धुतलेही लवकर जाते. उरलेल्या सखल जमिनीत आमन भात, कडेने चर खणून त्यात मासे. तळ्यात रोहू-कातला, काठावर बदके, कडेला भोपळ्याचे मांडव. पाचवा हिस्सा पाण्यात गेला, पण एका पिकाच्या जागी चार-पाच गोष्टी आल्या, आणि त्या वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी हाती येतात. वादळ मे महिन्यात आले तर भाजी जाईल, पण भात लावायचे आहे. नोव्हेंबरात आले, जसे २०१९ साली बुलबुल आले, तर उभे भात जाईल, पण तळे आणि हिवाळी पीक राहील. सगळे एकदम जात नाही.

यात खाचाखोचा आहेत. वरची सुपीक माती आधी बाजूला काढून शेवटी पुन्हा वर पसरावी लागते. काही ठिकाणी खालच्या थरात आम्लयुक्त माती असते, ती वर आली तर दोन-चार वर्षे काही उगवत नाही. फार खोल गेले तर खारे पाणी लागते. म्हणून जेसीबीवाल्याला बोलावून 'खण बाबा' म्हणण्याचे हे काम नव्हे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा मी फार खूश झालो होतो. पुढे गावी गेलो तेव्हा काही ठिकाणी पाहिले की प्लॅस्टिकचा कागद अंथरून बोअरचे पाणी उपसून तळे भरले आहे. म्हणजे जमिनीखालचे पाणी वर आणून उन्हात ठेवायचे! सुंदरबनात ही चूक करायची सोयच नाही, कारण खालचे पाणी खारे आहे.

बियाण्याचेही असेच. आयलानंतर लोक जुने भात शोधू लागले : नोना बोकरा, तालमुगुर, मातला, हॅमिल्टन. उत्पन्न कमी, पण मीठ सोसणारे. पंचवीस-तीस वर्षांत ते शेतातून जवळजवळ गेले होते. एखाद्या म्हाताऱ्याच्या कणगीत पायलीभर निघाले तर दहा जण मागायला. गंमत पाहा, ज्या नोना बोकराला आम्ही मागास समजून कर्जाच्या अर्जात 'सुधारित वाण' लिहायला लावत होतो, त्याच भातातला मीठ सोसण्याचा जनुक शास्त्रज्ञांनी २००५ साली शोधून काढला होता. आमच्या रायगडातही पनवेलला खारजमिनीचे संशोधन केंद्र आहे, तिथले 'पनवेल' नावाचे भाताचे वाण खारेपाटातल्या शेतकऱ्यांना ठाऊक असतील.

हॅमिल्टन हे भाताचे नाव कसे, असे कुणी विचारील. डॅनियल हॅमिल्टन हा एक स्कॉटिश व्यापारी. त्याने १९०३ साली गोसाबा आणि आजूबाजूची बेटे घेतली आणि तिथे सावकाराशिवाय शेतकरी वसवायचा प्रयोग केला. सहकारी पतपेढी, सहकारी भांडार, गिरणी. १९३६ साली त्याने स्वतःची एक रुपयाची नोटसुद्धा छापली होती. १९३२ च्या डिसेंबरात रवींद्रनाथ ते पाहायला गोसाब्याला जाऊन आले. त्यांचा मुक्काम झाला तो बंगला अजून आहे. बँकवाला म्हणून मला त्या नोटेचे फार कौतुक. मी शाखेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो बंगला दाखवायचो, आणि तिथून परत येऊन तळ्याचे अर्ज नामंजूर करायचो.

दुसरे नाव तुषार कांजिलाल यांचे. १९६७ साली ते रांगाबेलियाच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून गेले. मुले उपाशी शाळेत येतात म्हणून त्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली, आणि शिकवण्याआधी दुसऱ्या पिकाच्या मागे लागले. त्यांच्या पत्नी बीनादेवींनी बायकांची समिती उभी केली. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० च्या जानेवारीत ते गेले. मास्टरमोशायांना मी दोन-तीनदा भेटलो. मोठमोठ्या धक्क्यांच्या बांधांपेक्षा घराघरात टिकणारी शेती हवी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असे. आयलानंतर बांधांसाठी ५,०३२ कोटींची योजना मंजूर झाली, पण तिच्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष बांधला गेला. पक्क्या बांधासाठी रुंद जमीन लागते आणि ती शेतकऱ्याचीच घ्यावी लागते, तिथे बरेचसे अडले.

आता त्या तीन बिघ्यांचे पुढे काय झाले? २०११ ला माझी बदली झाली. २०१२ साली त्याने तळे खणले, थोडे रोजगार हमीतून, थोडे केरळच्या पैशातून. बँकेचा त्यात एक रुपया नाही. रोजगार हमी म्हटले की आपली छाती फुगते, कारण १९७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रात उभी राहिली आणि तिच्यामागे विसापूरच्या वि. स. पागे यांचे डोके होते. ती योजना देशभर जाऊन शेवटी गोसाब्याच्या चिखलात पोचली, याचा मला खरोखर आनंद वाटला. मार्च २०२२ पासून काही वर्षे केंद्राचा तो निधी या राज्यात थांबला. कुणाचे चुकले त्या वादात मला पडायचे नाही, गणपतीसमोर तर नाहीच, पण अर्धवट खणलेली तळी मी पाहिली आहेत.

२० मे २०२० ला अम्फान आले, टाळेबंदीच्या ऐन मध्यावर. मग २६ मे २०२१ ला यास. यास खरे तर ओडिशात बालेश्वरकडे धडकले, पण त्या दिवशी पौर्णिमेची भरती होती आणि पाणी बांधावरून आत आले. तळे खारट झाले, मासे मेले. त्याने आणि मेजो बउदीने जूनच्या सुरुवातीला भाड्याच्या पंपाने तळे उपसले. ऑगस्टपर्यंत पावसाने ते भरले. २०२२ च्या जानेवारीत मी गेलो तेव्हा उंच बिघ्यावर मिरची आणि भोपळा होता, आणि भात कापलेल्या जमिनीवर नांगरणी न करता बटाटे ठेवून वरून पेंढा घातलेला. पेंढ्याने ओल टिकते आणि मीठ वर येत नाही, हीदेखील कॅनिंगच्या केंद्राने गोसाब्यात करून दाखवलेली रीत. शेजारच्या तीन शेतांवर पांढरी साय होती.

मी सगळे गोड सांगतो आहे असे समजू नका. त्यांचा थोरला मुलगा तरीही केरळातच आहे. तिथली मजुरी भोपळ्याने भरून निघत नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्याला हे चित्र दाखवून काय उपयोग? गोसाब्यात अशी घरे थोडी नाहीत. त्यांच्यासाठी गावातले गाळाने भरलेले जुने खाल पुन्हा खणून पाणी साठवतात आणि चार-पाच घरांनी मिळून मासे सोडायचे, असे काही ठिकाणी झाले आहे. बांधाच्या नदीकडच्या अंगाला बायकांचे गट कांदळवनाची रोपे वाढवतात, त्याची मजुरी मिळते. पण रोपे लावायला जेवढे फोटोग्राफर येतात तेवढे ती जगली का पाहायला येत नाहीत. आणि घोडामारासारखे बेट, जे नदी दरवर्षी खातेच आहे, तिथे तळे खणून कुणाचे भले होणार?

इथे समोर आपले गलाईवाले बांधव बसले आहेत, खानापूर-आटपाडीकडचे. तुमच्या वाडवडिलांनी दुष्काळामुळे गाव सोडले, सोने-चांदी गाळायचे कसब घेऊन देशभर पसरले. गाव सोडणे काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. आता टेंभूचे पाणी आटपाडीत पोचल्यावर काहीजण डाळिंबाच्या गोष्टी बोलू लागले आहेत. जाणे वाईट नाही. पण जायचे की राहायचे हे ठरवायला घरी वर्षाचे अन्न असावे लागते. ते नसले की वादळच ठरवते.

आता माझा स्वार्थ. आयलानंतर आपल्या मंडळाने मदत नेली होती, आठवते का? मीच पत्र लिहून मागवली होती. जून महिन्यात आपण घोंगड्या नेल्या! शिवाय जुन्या कपड्यांची एकोणीस पोती, त्यात दोन नऊवारी आणि एक वकिलाचा काळा कोट. तो कोट एका आजोबांनी पुढे बरीच वर्षे थंडीत घातला, तेव्हा तो काही वाया गेला नाही. अम्फानला, यासला, २०२४ च्या रेमालला आपण पुन्हा तांदूळ, ताडपत्र्या, मेणबत्त्या पाठवल्या. त्याची गरज असते, बंद करा असे मी म्हणत नाही. वादळाचा इशारा आता वेळेवर येतो, लाखो माणसे आधी हलवली जातात, जीव पूर्वीपेक्षा पुष्कळ वाचतात. पण दुसऱ्या दिवशी ती माणसे परततात ती त्याच खाऱ्या शेतात.

कार्यकारिणीपुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे. आपल्या आपत्ती-निधीतला निम्मा भाग वादळाची वाट न पाहता दर हिवाळ्यात खर्च करावा. एका गावातली दोन किंवा तीन तळी, त्याहून जास्त नाही. जागा आपण निवडायची नाही, गावच्या बायकांच्या गटाने निवडायची आणि माती कॅनिंगच्या केंद्राकडून आधी तपासून घ्यायची. निम्मे पैसे आपले, निम्मे श्रम त्यांचे. तळ्यावर मंडळाच्या नावाची पाटी लावायची नाही. या शेवटच्या कलमावर बैठकीत थोडी गरमागरमी झाली आणि निर्णय पुढे ढकलला, तो येत्या सर्वसाधारण सभेत येईल. कोषाध्यक्षांचा प्रश्न रास्त होता : तळे खणून दिले आणि पुढच्या वर्षी बांध फुटला तर पैसे बुडाले ना? मी त्यांना सांगितले, बांध फुटला तर तळे उपसायच्या पंपाचे भाडे पुन्हा आपणच द्यायचे, तेही प्रस्तावात आहे, पान दोन.

आणि एक जेवणाची गोष्ट, कारण पंगतीची वेळ झाली आहे. कोलकात्यात आपण ज्याला भेटकी म्हणतो तोच आमचा जिताडा. आमच्या शहापूरकडे शेताच्या कडेला तळे ठेवून त्यात जिताडा सोडायची जुनी रीत आहे. लग्नकार्याला तोच मासा काढतात. म्हणजे १९७० साली गाव सोडून आलेला मी, शेतातले तळे पाहतच वाढलो होतो. २००८ साली समोर कागद आला तेव्हा ते मला आठवले नाही.

सभेआधी ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी जायचे ठरवतो आहे. सियालदह दक्षिणहून पहाटेची कॅनिंग लोकल, तिथून गाडीने मातला पूल ओलांडून गदखाली, पुढे होडी. नावे कार्यालयात द्यावीत. मेजो बउदीने वीस माणसांचा स्वयंपाक करायचे कबूल केले आहे, मासे तळ्यातले. ओहोटी असली तर उतरताना घोटाभर चिखल लागतो, तेव्हा नवे बूट कृपया आणू नयेत.